निघेपर्यंत चहा बंद

नाथाजीला एका जागी बसून चहा संपवताना मी कधी पाहिलं नव्हतं. दोन घोट घेतले की तो उठतो. मग कप कुठंतरी टेकवतो आणि विसरतो. टाकीच्या कठड्यावर, गोठ्याच्या खिडकीत, मोटारसायकलच्या सीटवर. त्याची बायको शालूबाई संध्याकाळी अंगणभर फिरून गार चहाचे कप गोळा करते, कोंबड्यांची अंडी गोळा करावीत तसे. फौजेच्या गाड्या दुरुस्त करण्यात या माणसाची उमेदीची वर्षं गेली. निवृत्त होऊन कडेगावात आला, तरी अंगातली ड्यूटी काही उतरली नाही.

मी धनपाल, त्याचा शाळेपासूनचा दोस्त. बाजारपेठेत माझं खताचं आणि बियाण्याचं दुकान आहे. माझं बूड जड आणि चहाचं वेड भारी. दिवसात किती कप होतात ते माझ्या बायकोला, गुणमालाला विचारा, मी मोजत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं.

स्वारीची कल्पना नाथाजीची. मेढ्याच्या पुढं डांबर सोडायचं आणि डोंगराच्या अंगानं, कच्च्या वाटांनी, तंबूत मुक्काम करत आंबोलीपर्यंत जायचं. गाड्या लहानच हव्यात, पडली तर दोघांना उचलता आली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मला ते लगेच पटलं, कारण पडणार कोण हे मला ठाऊक होतं.

त्यानं एका गवळ्याकडून शंभर सीसीच्या दोन जुन्या गाड्या घेतल्या. दोन्हींना दुधाच्या किटल्या अडकवायच्या लोखंडी चौकटी होत्या. मी म्हटलं, ह्या काढून टाकू. तर म्हणाला, "येडा का काय? ह्येच तर पायजे." शिंप्याकडून त्या चौकटींच्या मापाच्या ताडपत्रीच्या पिशव्या शिवून घेतल्या. टायर बटनाचे बसवले, चिखलमातीत पकड घेणारे. चेनची पुढची चकती एका दातानं लहान लावली, म्हणजे गाडी पळणार कमी पण चढणार हमखास. क्लचची जादा केबल जुन्या केबलला चिकटवूनच बांधली, तुटली की टोकं तेवढी जोडायची. मी जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाही आणि पाणी गाळून पितो. मी काही बोललो नव्हतो, तरी रोज उन्हं असतानाच तंबू ठोकायचा अशा बेतानं त्यानं मुक्काम आखले आणि पाणी गाळायचं फडकं माझ्या पिशवीत सगळ्यात वर ठेवलं. असा मित्र मिळायला नशीब लागतं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण आता मी त्याच्यावर घसरणार आहे.

दिवाळीआधीच सगळी तयारी झाली होती, पण निघणं काही होईना. दिवस ठरला की गाडीला काहीतरी व्हायचं. कधी पेट्रोल गळायचं, कधी ब्रेक धरायचा. गाडी बरी असली तर तंबूची शिवण उसवायची. नाथाजी दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालायचा. तंबू उलगडायचा, परत घडी घालायचा. आवळलेला नट ढिला करून परत आवळायचा. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस आता पाच मिनिटांत निघालाच.

संक्रांतही गेली, तेव्हा माझा धीर सुटला. मी बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात गेलो आणि भगवंतासमोर नियम घेतला. नाथाजीबरोबर स्वारीला निघेपर्यंत चहा बंद. आमच्यात नियम म्हणजे नियम, घेतला की सुटका नाही. मला वाटलं होतं, हे ऐकून तो आठवड्याच्या आत हलेल.

कसला हलतोय. माझं मात्र डोकं ठणकायला लागलं. गिऱ्हाइकानं भाव विचारला तरी मी खेकसायचो. रोज सकाळी आधण ठेवताना गुणमाला म्हणायची, "आवं, नियम तुमी घेतलाय आन शिक्षा आमाला."

शेवटी एक दिवस पक्का झाला. आदल्या संध्याकाळी मी स्वतः दोन्ही गाड्या चालू करून ऐकल्या. तक्रारीला जागा नव्हती. सकाळी हेल्मेट घालूनच त्याच्या अंगणात गेलो, तर त्याच्या गाडीचा कार्बोरेटर खोलून परातीत मांडलेला.

"काय झालं रं?"

"मिसिंग मारतीया," नाथाजी माझ्याकडं न बघता म्हणाला.

दारातून शालूबाई म्हणाली, "भावजी, ह्यांनी गाडीला किक बी मारली न्हाई. पहाटं उठलं आन खोलाय बसलं."

माझा तोल गेला. "तुला यायचंच न्हाई, असं सांग की सरळ. पर एक ध्यानात ठिव. तू न्हाई निघालास तर मी मरंपातुर बिनचहाचा. नियम काय माजा सुटत न्हाई."

तो बराच वेळ कोरडाच असलेला एक स्क्रू पुसत राहिला. मग म्हणाला, "त्या वाटंवर रेंज न्हाई, धनपाल."

"मग?"

"मी गेलो की मागं काय तरी हुतं. आई गेली तवा मी वर बर्फात. रस्ता उघडल्यावर आलो तर तेरावं बी उरकलं हुतं. लेकीच्या, संयोगिताच्या जल्माच्या येळंला शालू मरता मरता वाचली. मला कळलं ते समदं निभावल्यावर. लय भ्या वाटतं रं."

मी हेल्मेट काढलं. निवृत्तीनंतर हा माणूस एकदाही रात्रीचा घराबाहेर राहिला नव्हता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. सांगलीला लग्नाला गेला तरी अक्षता पडल्या की एसटी स्टँडवर. आम्ही सगळे चेष्टा करायचो, ह्याचे पाय म्हणे घरात ठरत नाहीत. पाय ठरत नव्हते हे खरं, पण फाटकाबाहेर पडायचं धाडसही त्यांना नव्हतं. मला त्याची दया आली आणि राग मात्र जागचा हलला नाही.

शालूबाई लंगडत पायरी उतरली. तिनं परात उचलून नवऱ्यापुढं सरकवली. "आवं, माजा गुडगा कवा गेला? तुमी हितंच हुता की, पाना घिऊन. मी हितं घसरली आन तुमी तिथं नट आवळत हुता. काय थांबलं का तुमच्यानं? व्हायाचं ते तुमी असताना बी हुतंय. बसवा ते आन जावा. मला बी जरा निवांत झोपू द्या."

मग नाथाजीनं कार्बोरेटर बसवला आणि आम्ही निघालो.

फाटकाबाहेर पडल्यावर चहा प्यायला हरकत नव्हती, असं कुणीही म्हणेल. पण नियमात पळवाट काढलेली मला चालत नाही, आणि नाथाजी कुठून माघारी फिरेल याचा भरवसा नव्हता. डांबर सुटल्याशिवाय निघालो असं मी धरणार नव्हतो, आणि तसं शालूबाईलाही सांगून आलो होतो. कराडपासून मेढ्यापर्यंत चहाच्या टपऱ्या किती लागतात हे मला त्या दिवशी कळलं. नाथाजी दर थांब्यावर फोन काढून बघायचा आणि परत खिशात ठेवायचा.

मेढा मागं पडलं, चढ संपला आणि गाड्या तांबड्या मातीत उतरल्या. रेंज अजून पुरती गेली नव्हती, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं गाडी उभी केली. फोनवर शालूबाईचं नाव होतं. बटन दाबायला त्याचा अंगठा उचलेना. शेवटी मीच फोन घेऊन बटन दाबलं आणि आवाज मोठा केला.

"आवं, डांबर सुटलं का? साकर डाव्या पिशवीत हाय, तळाला. तुमाला घावायची न्हाई म्हणून सांगितलं. भावजींस्नी आदी चहा द्या." आणि तिनं फोन ठेवला.

"एवढंच हुतं व्हय," नाथाजी म्हणाला आणि वाटेकडेच्या दगडावर खाली बसला. त्याचे डोळे भरून आले होते. मी दुसरीकडं बघितलं आणि स्टोव्ह पेटवला.

पाणी गाळलं, दुधाची पावडर घातली, साखर जरा जास्तच पडली. पहिला घोट पोटात गेला आणि मला अख्ख्या जगाशी बरं बोलावंसं वाटलं. दुसरा कप नाथाजीच्या हातात दिला. दोन घोट झाले. आता हा उठणार, कप गाडीच्या सीटवर ठेवणार, म्हणून मी बघत राहिलो.

तो उठला नाही. त्यानं चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला, कप मातीत पालथा घातला आणि विचारलं, "आजून हाय का रं?"