तांडेलाच्या पडवीतली सीतेची वेणी

धर्माजी तांडेलाला जगातल्या दोनच गोष्टींचं पक्कं ज्ञान होतं. एक समुद्र, आणि दुसरं म्हणजे आपल्याला सगळ्यातलं कळतं हे. बोर्ली पंचतनच्या खालच्या अंगाला, समुद्रकाठच्या कोळीवाड्यात होडी हाकणारा तांडेल म्हणून वाऱ्याबद्दल त्याचा शब्द शेवटचा असे. म्हणून दातदुखी, लग्नं आणि गोऱ्या सरकारचा कारभार यांवरही तो तितक्याच ठामपणे बोले.

त्याची बायको काशी बोर्लीच्या बाजारात सुकी मासळी विकायची. एकतीस सालच्या उन्हाळ्यात ती टोपलीतून एक झाड घेऊन आली. तिची शेतकरीण मैत्रीण केसर हिच्या परड्यातला जुना फणस पडला होता. त्याच्या फांदीवरची ही सीतेची वेणी. पट्ट्यासारखी जाड पानं आणि हवेत लोंबणाऱ्या बोटभर मुळ्या.

"दुसऱ्याच्या अंगावर जगतंय. बांडगूळ हाय," धर्माजीने निकाल दिला.

काशीने निकाल ऐकला आणि केसरने सांगितलं तसं केलं. माती नाही, शेण नाही. फणसाच्या सालीवर झाड काथ्याने अलगद बांधलं, खारं वारं लागू नये म्हणून मागच्या पडवीत टांगलं आणि रोज सकाळी विहिरीच्या पाण्याचा शिपका. दोन वर्षं फूल आलं नाही. धर्माजी आल्यागेल्याला झाड दाखवून म्हणे, असा पाहुणा पाहिला नाही, जेवत नाही, बोलत नाही आणि जातही नाही. पण काशी बाजाराला गेली की शिपका हाच मारायचा, आणि नवीन पान आलं की तिच्याआधी ह्याला कळायचं.

तिसऱ्या वर्षी नारळी पौर्णिमा जवळ आली. धर्माजीने आपल्या होडीला, मचव्याला, मोरी माशाचं तेल चोळलं आणि उरलेलं तेल घेऊन घरी आला. काशी बाजारात होती. झाडाच्या मुळ्या सुकून पांढुरक्या पडलेल्या. त्यांना हवा होता नुसता शिपका, पण कोरडं लाकूड दिसल्यावर कुठल्या तांडेलाचा हात आवरेल? त्याने चिंधी बुडवून एकेक मूळ मायेने चोळलं, आणि पानांना वाईट वाटायला नको म्हणून त्यांनाही एक हात दिला. झाड असं चकाकलं आणि त्याला माशाचा असा वास सुटला की शेजारच्या रंगूची दोन्ही मांजरं खाली येऊन बसली.

काशी आली. टोपली खाली ठेवून तिने विचारलं, "ह्ये कुनी केलं?"

"मचव्याला लावतो तेच हाय. लाकूड तीस वर्सं टिकतंय."

"ते मेलेलं लाकूड. ह्ये जितं हाय. मुळ्यांनी पानी पितंय, त्यांचीच तोंडं बुजवलीत तुमी."

एवढं बोलून तिने नवऱ्याशी बोलणं बंद केलं. जेवण वाढल्याचं ती कोंबड्यांना सांगायची आणि कोंबड्यांनी ते धर्माजीला कळवायचं.

तिसऱ्या दिवशी धर्माजी चालत केसरकडे गेला आणि जन्मात पहिल्यांदा कुणालातरी विचारलं, "आता काय करू?" केसर आधी पोटभर हसली. मग सांगितलं: रिठ्याच्या पातळ पाण्याने पुसून काढा, वर साधं पाणी, काळ्या पडतील त्या मुळ्या कापा, साल नवी घ्या. आणि मग हात लावू नका.

हे शेवटचं औषध सगळ्यांत कडू होतं. पौर्णिमेला नारळ वाहून बाकीचे मचवे निघून गेले, तेव्हा तांडेल पडवीत बसून मुळ्या पुसत होता. पुसून झाल्यावर मात्र हात आवरून नुसता बघत बसला. निम्म्या मुळ्या गेल्या, तीन पानं गळली. दसऱ्याच्या सुमारास एका मुळीच्या टोकाला तांदळाएवढा हिरवा ठिपका आला. धर्माजी काशीला सांगायला धावत चुलीपाशी गेला. काशी उठली, झाडाशी जाऊन तिने तो ठिपका वाकून निरखला, आणि त्या दिवशी कोंबड्यांना जेवणाची वर्दी मिळाली नाही.

"बसा, वाढलंय," ती सरळ त्यालाच म्हणाली.

पुढच्या ज्येष्ठात वीतभर तुरा लोंबला, गुलाबी-पांढऱ्या फुलांनी गच्च भरलेला. कोळीवाड्यातल्या बाया बघायला आल्या. रंगूने काशीला तो केसांत माळायचा आग्रह केला. तुरा खुडायला काशी तयार नव्हती, पण बाया गेल्यावर तिने पाट ओढला, झाडाखाली पाठमोरी बसली आणि मान मागे केली. तुरा बरोबर अंबाड्यावर टेकला.

"बगा लवकर," ती म्हणाली, "मान आवघडली."

धर्माजीने अजिबात घाई केली नाही.