अप्पांच्या नाकातली तपकिरी रेघ

मंगळवारी अप्पांना लातूरला नाकाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले होते... ऑपरेशननंतरची पहिली तपासणी.

अप्पा म्हणजे माझे वडील. लातूरजवळ मुरुडला आमची मिरची-मसाल्याची गिरणी आहे. वर्षभर उजवी नाकपुडी बंद, तरी "मिरचीचा खकाणा हाय, दुसरं काय न्हाई" म्हणत राहिले. शेवटी नाकातून रक्त आलं, तेव्हा आईनं रडून त्यांना गाडीत बसवलं.

आत गाठ निघाली. रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी नीट जेवलं नाही... कॅन्सर नव्हता. साधी गाठ, पण पुन्हा वाढू शकणारी. म्हणून पुढची काही वर्षं अधूनमधून तपासणी करायची. अप्पांनी फक्त पहिला भाग ऐकला.

ऑपरेशनआधी आयेशा नावाची पीजी करणारी डॉक्टर आली होती. अभ्यासासाठी तिला गाठीचा तुकडा आणि शेजारच्या, नाकाच्या आतल्या निरोगी अस्तराचा कणभर भाग हवा होता. "यात तुमचा काहीच फायदा नाही अप्पा," तिनं आधीच सांगितलं. मी नको म्हणत होते... अप्पांनी सही केली. "पोरगी खरं बोलायली," एवढंच म्हणाले.

तर मंगळवारी तपासणी चांगली झाली आणि अप्पांनी जाहीर केलं, "झालं. आता पुन्हा यायचं न्हाई." जिन्यातच आमचा वाद सुरू झाला. आयेशानं तो ऐकला आणि आम्हाला लॅबमध्ये नेलं.

अप्पांशेजारी स्टूल ओढून बसली आणि मायक्रोस्कोपखाली आधी त्यांच्याच नाकातलं निरोगी अस्तर दाखवलं. पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, प्रत्येकीभोवती तपासणीच्या रंगानं उठलेली तपकिरी रेघ. तो पेशींमधला जोड... धूळ, जंतू त्यामुळे आत शिरत नाहीत. मग गाठीतला तुकडा. तिथं रेघ जागोजागी तुटलेली, कुठं कुठं तर नाहीच.

अप्पा एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले.

"हे मिरचीनं झालं का गं?"

"तसं नाही सांगता येत अप्पा. कशानं होतं, तेच तर शोधतोय आम्ही."

"न्हाई, म्हणजे... हिची आई बी तीस वर्षं माझ्यासंगं त्याच खकाण्यात बसून राहिली. तिला तर न्हाई ना होणार?"

इतके महिने हा माणूस मनात हे घेऊन फिरत होता...

आयेशा हळूच म्हणाली, "पुढच्या वेळी काकूंनाही आणा. बघून घेऊ."

खाली आल्यावर अप्पा स्वतःहून नाव नोंदवायच्या खिडकीपाशी गेले. पुढची तारीख घेतली, दोघांची, एकाच दिवशीची.

थँक यू आयेशा. मी जिन्यात भांडून जे जमवू शकले नाही, ते तू शेजारी स्टूल ओढून, शांतपणे समजावून जमवलंस.