बर्गनला राहिलेली कासवीण

भरतीबरोबर तुटकी जाळी ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या एरुब बेटाला येऊन लागत आणि लोक ती जाळून टाकत. झिपोराही जाळायची. एकदा मात्र अशाच जाळ्यात गुदमरून मेलेली कासवीण तिने सुरीने सोडवली, वाळूत पुरली आणि ते जाळं घरी आणलं. त्याचे दोर उसवून, पिळून, टाके घालत तिने माणूसभर लांबीची कासवीण घडवली. धाकटी बहीण मरेटा करवादली, "अगं, घरात बसायला जागा नाही, आणि ही कचऱ्याला पाय फोडतेय!"

मग शार्क झाले, मासे झाले. आधी केर्न्सला, मग सिडनीला लोकांनी ते पाहिले. साठी उलटल्यावर नॉर्वेतल्या बर्गन शहरात तिच्या एकटीच्या कामांचं प्रदर्शन ठरलं. सोबतीला मरेटाच गेली. उद्घाटनाला कुणीतरी "थोर शिल्पकार" म्हणालं, तशी मरेटाने तिला कोपर मारलं. "तुलाच म्हणतायत ना गं?"

तिथल्या संग्रहालयाला कासवीण कायमची हवी होती. झिपोरा म्हणाली, "उद्या सांगते."

सकाळी ती मरेटाबरोबर दालनात गेली, वाकली आणि तिने कासविणीच्या पाठीला नाक लावलं. काहीच वास येईना.

"कीड लागू नये म्हणून सगळं गोठवून ठेवलं होतं," दालन सांभाळणारी सॉल्वेग घाबरून म्हणाली. "काही चुकलं का आमचं?"

"छे! कासव आम्हीही फ्रीजरमध्येच ठेवतो," मरेटा म्हणाली. "फक्त नंतर खातो."

झिपोरा हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "हिला समुद्राचा वास होता गं. इथे समुद्र कुठल्या बाजूला आहे?"

सॉल्वेगने पडदा सरकवला. खाली बंदर होतं. तिघींनी मिळून कासविणीचं तोंड खिडकीकडे वळवलं. हिरव्या दोरांवर उजेड पडला.

झिपोराने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "राहू दे हिला इथे."

दोघी परतल्या तेव्हा एरुबच्या धावपट्टीवर बायका फुलांचे हार घेऊन गात उभ्या होत्या. वर्तमानपत्रातला झिपोराचा फोटो त्यांनी मोबाइलवर पाहिला होता. गळ्यात हार पडले, गळाभेटी झाल्या, आणि झिपोराला एकदम हुंदका आला. "तिकडे एकटीच राहिली गं ती."

"एकटी कुठे?" मरेटा म्हणाली. "रोज रांग लागते तिला बघायला. इथे तुला तरी कोण विचारतं?"

बायका खो खो हसल्या. झिपोराही हसली आणि गळ्यातल्या हाराने डोळे पुसत म्हणाली, "चल, भूक लागलीय."