बाबा, सीट आणि माझा उजवा गुडघा

उजवा गुडघा दुखायला लागला तेव्हा मी सगळ्यांवर खापर फोडलं. ऑफिसच्या खुर्चीवर, चाळिशीवर, घरून, म्हणजे सर्वणहून, डिचोलीला ऑफिसला जातानाच्या चढउतारांवर. फक्त सायकलीला दोष दिला नाही, कारण ती माझी लाडकी. पुण्यात नोकरीला असताना घेतलेली, बारीक, काळी, फिक्स्ड गिअरची. हिचं मागचं चाक फिरतंय तोवर पेडलही फिरणारच. पाय सैल सोडून उतारावर घरंगळायची सोय नाही, आणि थांबायचं तर पेडल उलटं दाबून पायांनीच चाक अडवायचं. माझ्या सायकलीला ब्रेकच नव्हता आणि त्याचा मला माज होता.

बदली होऊन गावी आलो तेव्हा बाबांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, नाक मुरडलं आणि पाना घेऊन आधी सीट खाली केली. आमच्या भागात सीट खालीच असते. खाणी जोरात होत्या तेव्हा खनिजाचे ट्रक एकामागून एक धावायचे, आणि सायकलवाल्याला कडेच्या लाल मातीत उतरण्यावाचून गत नसायची. तिथे दोन्ही पाय चटकन टेकले नाहीत तर माणूस आडवा. आता ट्रक कमी झाले, पण सवय हाडात मुरलेली. "ट्रक आयलो जाल्यार पांय टेकूंक जाय," बाबा बोल्ट आवळत म्हणाले. मला ते बरंच वाटलं. या वयात माझी सायकल कोण बघणार होतं?

त्याच सुमारास त्यांनी घोडा माझ्या हवाली करायचं ठरवलं. शिगम्यात, म्हणजे होळीच्या सणात, आमच्याकडे घोडेमोडणी असते. पुढे लाकडी घोड्याचं तोंड असलेला सांगाडा कमरेला बांधायचा, हातात तलवार घ्यायची आणि ढोलताशांवर नाचायचं. नाचायचं म्हणजे गुडघे मोडून खाली बसायचं, झेप घ्यायची, पुन्हा मागे सरायचं. एकेक घोडा एकेका घराकडे. आमचा घोडा बाबा नाचवायचे. त्यांचे पाय थकले, मी पुण्यात, म्हणून घोडा माळ्यावर पडून राहिला होता. "म्हज्या दोळ्यांमुखार एकदां नाच," ते म्हणाले. कधी काही मागणारा माणूस नव्हे तो. त्यांच्या डोळ्यांदेखत नाचायला मी हो म्हटलं आणि संध्याकाळी परसात सराव सुरू केला.

सरावातच गुडघ्याने जीव काढला. वाटीखाली अशी कळ यायची की खाली बसलेला मी उठताना माडाला धरायचो. शेवटी म्हापशाच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी सायकलही आणायला लावली. भिंतीला धरून मला सीटवर बसवलं आणि पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवायला सांगितली. टाच टेकवली की पाय सरळ व्हायला हवा. माझा गुडघा चांगलाच दुमडलेला.

"तुम्ही सायकल चालवता की उकिडवे बसता?" त्या म्हणाल्या. साध्या सायकलीवर माणूस मध्येमध्ये पाय थांबवतो, ह्या सायकलीवर तेही नाही, त्यामुळे दुमडलेला गुडघा सारखा भरडला जातो, वर तुम्ही त्याच पायांनी ब्रेक मारता. मग सूचनांचा मारा. पुढे ब्रेक लावा. मागचं दातेरी चक्र मोठं घ्या, म्हणजे चढाला जोर कमी लागेल. पेडलचे पट्टे सैल करा. मांडीचे व्यायाम करा आणि कळ आली की मुकाट्याने उतरा. सगळ्यात आधी सीट वर करा. "कोणी बसवली ही?"

"मीच," मी म्हटलं. परक्या बाईसमोर बाबांना दोष द्यायला जीभ रेटेना.

ब्रेक बसवला, चक्र बदललं, सीट वर केली. गुडघा हलका झाला, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा ठणकू लागला. पाहतो तर सीट खाली आलेली. क्लॅम्प ढिला असणार म्हणून नवा आणला, तोही सरकला. दुकानदाराशी कडाक्याचं भांडून आलो.

मग एका सकाळी पोदेराचा भोंगा वाजला, पाव घ्यायला उठलो आणि जनेलातून अंगणात पाहिलं. बाबा सायकलीशी वाकून पाना फिरवत होते. आवाज होऊ नये म्हणून अगदी हळू. सीट खाली करून झाल्यावर त्यांनी ती पंच्याने पुसली आणि मागीलदारी निघून गेले.

तेव्हाच बाहेर जाऊन सांगायला हवं होतं. मी पाव घेतले आणि चहा प्यालो. तुमच्या काळजीनेच माझा गुडघा जातोय, हे त्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगणार? त्याऐवजी मी मोठी शक्कल लढवली. घरातून सीट खाली ठेवूनच निघायचं, वळणापलीकडे ती वर करायची आणि संध्याकाळी घर दिसायच्या आत पुन्हा खाली. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो. पण सकाळी उशीर झाला की सीट तशीच राहायची, आणि उशीर मला नेहमीच व्हायचा. गुडघा सुधारायचा, बिघडायचा.

शिगमा आला तेव्हा गुडघा सुजून टम्म झाला होता. नाचायचा प्रश्नच नव्हता. बाबांनी मला बाकावर बसवलं आणि स्वतः तेल चोळू लागले.

"कित्याक दुखता रे?"

"पिराय जाली, बाबा," मी वयावर ढकललं.

"म्हज्या मुखार तुजी पिराय?" ते हसले. "फुडल्या वर्सा नाच. घोडो खंय धांवून वचना."

त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता. ह्याहून चांगली वेळ मला कधी मिळणार होती? मी फक्त पाय आणखी लांब केला.

पावसात साध्या तापाचं निमित्त झालं आणि बाबा गेले. घरात माणूस गेलं की वर्ष पुरं होईतो त्या घराचा घोडा बांधत नाहीत, म्हणून पुढचा शिगमाही तसाच गेला. सीट आता मी ठेवीन तिथेच राहायची. गुडघा झपाट्याने बरा झाला, जिने उतरताना मी तो विसरूनही जायचो. एका वाक्याचं काम होतं ते. बाबा, सीट खाली असली की माझा गुडघा दुखतो. ऐकून ते चिडले असते, दोन दिवस फुरंगटून बसले असते आणि मग त्यांनीच ती वर केली असती. त्यांच्या मनाला लागेल म्हणून मी जपायला गेलो आणि त्यांची एकुलती एक मागणी बुडवली.

यंदा घोडा बांधला. नाचणाऱ्यांचा मेळ आमच्या अंगणात आला, ढोल चढले आणि मी खाली बसलो, उसळलो, मागे सरलो, पुन्हा बसलो. दम संपेपर्यंत नाचलो. आई ओवाळायला पुढे आली आणि हळूच म्हणाली, "पांय दुखूंक ना मरे?"

नाही, म्हटलं. जरासुद्धा दुखला नव्हता. दुखला असता तर फार बरं झालं असतं; वयाला दोष देता आला असता.