साहेबाच्या पूर्वजाला गाऱ्हाणे

माझ्या मुलाच्या साहेबाला पूर्वज सापडला आणि त्याचा उपद्रव आमच्या घराला झाला.

साहेब इंग्रज. मुलगा कतारमध्ये, दोह्यात वायू प्रकल्पावर अभियंता; मी त्याच्याकडेच राहतो. त्याचे कंत्राट उन्हाळ्याआधी संपणार होते आणि ते वाढवावे की नाही, याची शिफारस या साहेबाकडे होती. शिफारस झाली नाही तर नोकरी, निवासाचा परवाना आणि अल थुमामातले घर, तिन्ही एकदमच जाणार होते. पन्नाशी ओलांडलेल्या अभियंत्याला पुण्यात कोणी बोलावून नोकरी देत नाही. मुलगा याविषयी बोलत नसे. पानात भात टाकून उठत असे.

साहेबाचा पूर्वज, कंपनीचे सरकार होण्याच्या पुष्कळ आधी, ती नुसतीच कंपनी असताना, कोकणातल्या एका खाडीवर आला होता. आमचे गाव त्याच खाडीवर आहे, हे मुलाने कार्यालयात सहज सांगितले. साहेबाने पुढच्या शुक्रवारी जेवायला येतो म्हणून कळवले.

आदल्या दिवशी मुलगा माझ्यासमोर बसला.

“बाबा, त्याला इतिहास सांगा. खाडी, गलबतं, मिरीचा व्यापार. टोपीकाराचं काढू नका.”

“का?”

“त्याचा पूर्वज असेल तो. आपण त्याला विड्या ओढायला देतो.”

“आपण नुसत्या ठेवतो. ओढायच्या की नाहीत ते तो बघतो.”

“बाबा, प्लीज.”

टोपीकार म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आमच्या वेशीवर सातविणीच्या झाडाखाली एक मोडकी कबर आहे. आत कोणी इंग्रज आहे, एवढेच गावाला ठाऊक. टोपी घालत असे म्हणून टोपीकार. मेल्यानंतर गावाने त्याला देवचार केले, म्हणजे राखणदाराच्या जागी नेमले. वर्षातून एकदा त्याला कोंबडा, बाटली आणि विड्यांचे बंडल मिळते. त्याच्यापुढे गाऱ्हाणे घालण्याचा, म्हणजे सर्वांच्या वतीने उभे राहून मागणे मांडण्याचा मान आमच्या घराकडे आहे. मी आयुष्यभर गणित शिकवले. देवचारावर माझा विश्वास नाही. मानावर आहे.

साहेब वेळेवर आला, बूट दाराशी काढून आत आला आणि एका पायाचा अंगठा फाटक्या मोज्यातून बाहेर डोकावत होता, त्याची त्याने पर्वा केली नाही. मला तो तेवढ्यापुरता आवडला. सूनबाईंनी हमूरचे कालवण केले होते. त्या पुण्याच्या, माशाशी त्यांचा संबंध विवाहोत्तर. साहेब म्हणाला, त्याचा पूर्वज आमच्या खाडीवरच्या फॅक्टरीत होता.

सूनबाईंनी आदराने विचारले, “काय बनवायचे तिथे?”

“काही नाही. वखार होती. माल विकत घ्यायचे आणि साठवून ठेवायचे,” मी म्हणालो.

साहेबाने मान हलवली आणि वंशवृक्ष सांगू लागला. त्यात एक धर्मोपदेशक होता, एक कर्नल होता आणि मुळाशी हा आद्यपुरुष. साहेबाच्या मते तो साहसी होता, मुत्सद्दी होता, वसाहतीचा पाया घालणाऱ्यांपैकी एक होता. तापाने गेला. कबर मात्र सापडत नव्हती.

“तुमच्या ऐकण्यात काही?” साहेबाने मला विचारले.

मुलाने माझ्याकडे पाहिले. खोटे बोलणे शक्य होते. पण माणूस इतक्या दुरून पूर्वज शोधत आला होता, आणि तो पूर्वज आमच्याकडे कामावर होता.

“कबर आहे,” मी म्हणालो. “तुमचाच पूर्वज कशावरून, ते विचारू नका. टोपी होती एवढेच गावाने पाहिले.” आणि मी कोंबड्यासह सगळे सांगितले. मुलाने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

साहेब खुर्चीत पुढे सरकला. मग त्याने विचारले, “काम काय करतो?”

“आंबे राखतो. चोराला वाट चुकवतो. हरवलेली गुरे घरी आणतो.”

“आणि ऐकतो?”

“मागितले तर. कसे मागायचे, याची रीत आहे.”

“दाखवाल?”

“सर, दे आर जस्ट व्हिलेज थिंग्ज,” मुलगा घाईने म्हणाला.

मी तोवर उभा राहिलो होतो. गाऱ्हाणे बसून घालत नाहीत. ते पुस्तकी मराठीतही घालत नाहीत. टोपीकाराला मालवणीच कळते. साहेबाला ती कळणार नाही, असा माझा हिशेब होता, मग मी हात आखडता कशाला घेऊ?

“बा टोपीकारा म्हाराजा, सायबाच्या देशातसून इलस आनि आमच्या वेशीर ऱ्हवलस. आज तुझ्या वंशातलो ह्यो झील तुका सोधीत इलोहा, तेका सांभाळ. आनि माज्या झिलाचो काँट्रॅक्ट सरता हा, तो रिन्यू करून घे. वाटेत कोणी आडवो इलो, तर तेका बाजूक कर. काय चुकला माकला तर पोटात घाल, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” मुलगा म्हणाला.

गाऱ्हाण्याला गावाने असा होकार द्यायचा असतो. लहानपणापासूनची सवय, तोंडाने डोक्याला विचारले नाही. आपण कशाला होकार दिला, हे त्याला नंतर कळले आणि त्याचे कान लाल झाले.

साहेबाने काटा खाली ठेवला. “मला दोन शब्द समजले,” तो म्हणाला. “काँट्रॅक्ट आणि रिन्यू.”

कंत्राट म्हणालो असतो तरी त्याने ओळखले असते, अशी समजूत मी आजही स्वतःची घालतो. सूनबाई कालवणाचे भांडे उचलून आत गेल्या आणि आतच राहिल्या.

“सर, माझे वडील…” मुलाने सुरुवात केली.

“तुझी शिफारस मी पाठवली आहे. होकाराची,” साहेब म्हणाला. “पण वर माझे कितपत ऐकतील, सांगता येत नाही. माझे कंत्राट ते वाढवत नाहीत. म्हणून तर हे वंशवृक्षाचे वेड. संध्याकाळी करायला दुसरे काही उरले नाही.” मग तो माझ्याकडे वळला. “माझ्यासाठीही मागता येईल? नातलग आहे माझा.”

“बाटली वेगळी पडेल,” मी म्हणालो.

“चालेल. स्कॉच?”

“गावठी. सवय मोडू नये.”

मी दुसरे गाऱ्हाणे घातले. या वेळी मुलगा मोठ्याने “व्हय म्हाराजा” म्हणाला, आणि साहेबानेही म्हटले. त्याच्या तोंडी ते एखाद्या रेल्वे स्थानकाच्या नावासारखे वाटले.

पुढच्या महिन्यात मुलाचे कंत्राट एका वर्षासाठी वाढले. साहेबाचे वाढले नाही. तो निरोप घ्यायला आला, तेव्हा मी त्याला स्पष्टच सांगितले की टोपीकाराने गावाचे ऐकले आणि घरच्याचे टाळले. इतकी वर्षे आमच्यात काढल्यावर दुसरे काय होणार. साहेब हसला. आपल्या बाटलीचे काय, ते त्याने विचारले. काम न झालेल्याची बाटली लागत नाही, असे मी सांगितले.

त्या दुपारी मुलाने पानातला भात संपवला आणि पुन्हा मागितला. सूनबाईंनी वाढला.