होल्डवरचा कोंबडा

आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत चहाच्या मशीनच्या वर एक फलक आहे. आग लागल्यास कोणत्या जिन्याने पळायचं ते त्यावर लिहिलेलं आहे, पण ते कुणी वाचत नाही. सगळे वाचतात ते त्याच्या शेजारी दर शुक्रवारी टाचणीने लावलेलं चार चौकटींचं कॉमिक. साधा कागद, काळं पेन, खाली सही नाही. वर ठळक अक्षरांत नाव असतं: 'खुराडा'.

खुराड्यात सगळ्या कोंबड्या आणि एक कोंबडा. कोंबड्या लॅपटॉप मांडीवर घेऊन अंडी घालायला बसलेल्या असतात. कोंबडा अंडी घालत नाही, तो नुसता फिरतो. कुणाच्याही पाठीमागे येऊन उभा राहतो आणि तिच्या स्क्रीनवर चोच आपटतो. टक टक टक. 'इथे, इथे. हे जरा बघ.' पहिल्याच कॉमिकमध्ये त्याने एका कोंबडीला विचारलं होतं, 'अंडं किती वेळात होईल?' ती म्हणाली, 'होईल तेव्हा होईल.' त्यावर हा म्हणतो, 'तरी अंदाजे? वर सांगायचंय.'

ते 'वर सांगायचंय' वाचून मी हातातला चहा सांडला. ठाण्यातल्या या ऑफिसात आम्ही परदेशी विमा कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो, आणि मी एका टीमची लीड आहे. म्हणजे माझ्या हाताखाली काही मुलंमुली आणि माझ्या डोक्यावर साहेब. साहेबांना सगळ्या गोष्टी वर सांगायच्या असतात. कोंबडा म्हणजे साहेबच, यात मला तिळमात्र शंका नव्हती. तुरासुद्धा साहेबांच्या भांगासारखा काढला होता, असं मी छातीठोकपणे सांगत फिरले.

पुढच्या शुक्रवारी आमच्या सकाळच्या मीटिंगचा नंबर लागला. रोज सकाळी आम्ही गोल करून उभे राहतो आणि प्रत्येकाने काल काय केलं, आज काय करणार आणि अडचण काय, एवढंच सांगायचं असतं. उभं राहून का, तर लवकर आटपावं म्हणून. ते कधीच लवकर आटपत नाही. तर खुराड्यात सगळ्या कोंबड्या एका पायावर गोलात उभ्या. 'काल काय केलंस?' 'बसले.' 'आज काय करणार?' 'बसणार.' 'अडचण?' 'तुम्ही उठवलंत.'

हे मी पॅन्ट्रीत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. साहेबांचा आवाज मला बरा जमतो, थोडा नाकातून आणि शेवटचा शब्द ओढत. कोंबडीची वाक्यं साध्या आवाजात आणि कोंबड्याची साहेबांच्या. पोरं हसून हसून बेजार झाली. एकाने कप खाली ठेवला, एक जण भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे गदगदत होते. मग तो रिवाजच पडला. शुक्रवारचा संध्याकाळचा चहा म्हणजे माझं वाचन. 'ताई, वाचा ना,' म्हणून तेच मागे लागायचे. मला सगळे ताई म्हणतात. मॅडम म्हणायचं नाही, हे मीच पहिल्या दिवशी सांगून ठेवलंय. वाचून झालं की मी डेस्कवर परतताना मनात म्हणायचे, किती मोकळं वातावरण ठेवलंय मी.

एकदा तर मी आगाऊपणा करून कॉमिकचा फोटो साहेबांनाच दाखवला. बघू या ओळखतात का स्वतःला. साहेब चष्मा कपाळावर चढवून वाचत राहिले, मग माझ्याकडे बघून खो खो हसले. 'बरोब्बर पकडलंय,' म्हणाले. मला त्यांची कीव आली. माणूस इतका आंधळा कसा असतो, हा विषय मला नौपाड्यातल्या घरी नवऱ्याशी बोलायला दोन दिवस पुरला.

कॉम्प्युटरच्या नोकरीत लागले तेव्हापासून मी अशी कॉमिक्स बघत आलेय. पूर्वी लोक प्रिंट काढून खुर्चीमागच्या भिंतीला चिकटवायचे, आता फोनवर येतात. सगळीकडे गोष्ट एकच असते. वरचा मूर्ख, खालचा हुशार आणि मीटिंग न संपणारी. मी टेस्टर होते, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचे, तेव्हा खालच्याच्या बाजूने हसायचे. मग सीनियर झाले, मग लीड झाले, केबिनला लागून खिडकीजवळची जागा मिळाली. जागा बदलली तरी हसायची बाजू तीच राहिली. ती बदलायची असते, असं प्रमोशनच्या वेळी कुणी सांगत नाही. मला वाटतं, आमच्या साहेबांनाही कुणी सांगितलं नसेल, आणि त्यांच्या वरच्यांनाही नसेल. प्रत्येकाचा कोंबडा एक मजला वर राहतो.

पण हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मी ते फोटो दर रविवारी डोंबिवलीला घेऊन जायचे, बाबांना दाखवायला.

बाबांची सगळी नोकरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीनवर उभं राहून झाली. आई गेल्यापासून ते डोंबिवली पूर्वेच्या घरी एकटेच असतात. बोलणं आधीच मोजकं, आता आणखी कमी. मी गेले की बीपीच्या गोळ्या घेतल्या का, पाणी किती वाजता येतं, एवढं झालं की आम्ही दोघं टीव्हीकडे बघत बसायचो. मी काय काम करते हे त्यांना कधी नीट कळलं नाही, आणि मीही कधी समजावलं नाही. एका रविवारी काहीच सुचेना म्हणून मी पहिलं कॉमिक दाखवलं. साहेबांच्या आवाजात वाचूनही दाखवलं. बाबा खोकला येईपर्यंत हसले.

'आमच्याकडे पण होता असाच एक,' डोळे पुसत ते म्हणाले. 'सुपरवायझर. मागे येऊन उभा राहायचा आणि किल्ली आपटायचा मशीनच्या पत्र्यावर. टक टक टक. त्या आवाजानं हात थरथरायचा गं. आणि हात थरथरला की तोच वर जाऊन सांगायचा, याचं लक्ष नाही कामात.'

हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आईलाही सांगितलं असेल की नाही कोण जाणे. त्या दिवसापासून मी दारात पाय ठेवला की, 'काय गं, आला का तुमचा कोंबडा?' मग वाचन, मग चहा, मग कारखान्याच्या गोष्टी. बागेतल्या बाकावरच्या त्यांच्या मित्रांनाही ते खुराड्यातल्या गमती सांगायला लागले. त्यातले एक काका मला रस्त्यात थांबवून म्हणाले, तुझे बाबा हल्ली सारखं तुझ्याबद्दलच बोलतात. मी वरवर काही दाखवलं नाही, पण आत फुलून गेले. शाळेत पहिला नंबर आला तेव्हा बाबांनी नुसतं 'बरं' म्हटलं होतं. ते कौतुक आता चाळिशी उलटल्यावर मिळत होतं आणि मला ते हवं होतं. फार हवं होतं, हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

मग गेल्या महिन्यातला तो शुक्रवार.

चहाला सगळे जमले. मी फलकासमोर उभी राहिले आणि घसा साफ केला. पहिल्या चौकटीत हळदीचा मांडव होता. एक कोंबडी हळदीने माखलेली, मागे बेंजोवाले, सगळा खुराडा नाचतोय. दुसऱ्या चौकटीत तिचा फोन वाजतो आणि पलीकडून कोंबडा म्हणतो, 'दोन मिनिटं आहेत का गं?' मी ते नाकातून म्हटलं. कुणीतरी हसलं, पण एकटंच. तिसऱ्या चौकटीत कोंबडी म्हणते, 'हळद चालू आहे.' कोंबडा म्हणतो, 'तुझी हळद चालू दे, मी होल्डवर आहे.'

तेही मी साहेबांच्याच आवाजात वाचलं, शेवटचा शब्द ओढून. आणि तो शब्द तोंडातून निघत असतानाच मला कळलं की हे वाक्य साहेबांचं नाही.

आमच्या टीममध्ये खाडीलगतच्या कोळीवाड्यातली एक टेस्टर आहे. तिच्या भावाची हळद होती म्हणून तिने रजा घेतली होती. त्यांच्याकडची हळद म्हणजे बोटभर लावून मोकळं होणं नव्हे. अख्खा कोळीवाडा लोटतो आणि नवरदेवाची बहीण सगळ्यांत पुढे असते. नेमकी त्याच दिवशी एक चूक वर आली आणि साहेब माझ्या मागे लागले. मी तिला फोन केला. मागून बेंजो एवढ्या जोरात वाजत होता की ती ओरडून बोलत होती, 'ताई, हळद चालू हाय!' आणि मी हे वाक्य म्हटलं. शब्द न् शब्द. दुसऱ्या दिवशी मी तेच ऑफिसात जेवणाच्या टेबलावर कौतुकाने सांगितलं होतं, की बघा, मी काही घाई केली नाही, होल्डवर थांबले. दोन मिनिटांचं काम संपेपर्यंत भावाची हळद उरकली होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

ते चौथ्या चौकटीत होतं. मांडवाच्या कोपऱ्यात पिवळी कोंबडी लॅपटॉपवर वाकलेली, मांडव रिकामा, आणि फोनमधून टक टक टक.

माझं बोट त्या चौकटीवर होतं. मी वाचताना नखाने कागदावर टकटक करते, पुढची चौकट दाखवायला. लोकांच्या स्क्रीनवरही करते, बोलण्याच्या भरात. आयुष्यभर करत आले असेन. ती मुलगी मशीनजवळ कप धरून उभी होती, नखांच्या कडांना अजून पिवळा रंग होता, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. बाकीचे सगळे माझ्या बोटाकडे बघत होते. इतके शुक्रवार मी यांच्यासमोर माझीच वाक्यं माझ्याच साहेबांच्या आवाजात वाचत होते, आणि हे भिंतीकडे तोंड करून त्यालाच हसत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी तिच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, 'सॉरी गं.' ती म्हणाली, 'इट्स ओके, मॅडम.' ताई नाही.

रविवारी डोंबिवलीला जाऊच नये असं वाटत होतं. बाबांना काय दाखवणार? त्यांना चारचौघांत मिरवण्याजोगं आपल्या लेकीत एवढंच तर सापडलं होतं, आणि ती निघाली किल्ली आपटणारी. ज्या माणसामुळे त्यांचा हात थरथरायचा, तो आता त्यांच्या सोफ्यावर बसून त्यांचाच चहा पिणार होता. गेले तरीही. न जाऊन सांगते काय?

'काय गं, आला का कोंबडा?'

'नाही आला या वेळी,' मी म्हटलं.

'का? शुक्रवार गेला ना?' त्यांनी हात पुढे केला. बाबांपुढे मला खोटं रेटता येत नाही. मी फोन दिला. त्यांनी चष्मा लावून स्वतःच वाचलं, वेळ लावून वाचलं. हसले नाहीत.

'मग? ही पोरगी काय म्हणाली तुला?'

'मला?'

'मग कोणाला? कोंबडा तूच ना?'

मी विचारलं, 'तुम्हाला कधी कळलं?'

'पहिल्याच चित्रात कळलेलं. टकटक तुझीच ना ती. लहान होतीस तेव्हा मी कामावरून येऊन जेवायला बसलो की माझ्या ताटावर बोट आपटायचीस. बाबा, इकडे बघा, इकडे बघा.' ते थोडं हसले. 'मी बागेत सगळ्यांना सांगतो, आमचा तो सुपरवायझर मेला पण स्वतःवर कधी हसला नाही. आणि माझी पोरगी बघा. पोरं तिचं सोंग काढतात नि ही स्वतः त्यांना वाचून दाखवते. एवढं मोठं मन पाहिजे, म्हटलं.'

म्हणजे कौतुक याचं होतं. इतके रविवार ते यासाठी हसत होते, आणि काका मला रस्त्यात थांबवून हेच सांगत होते. 'हो बाबा' एवढंच म्हणायचं होतं. कुणालाच कधी कळलं नसतं. माझं तोंड उघडलंही होतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला हयातीत दुसऱ्यांदा मिळायचं नाही, हेही मला ठाऊक होतं.

'मला माहीत नव्हतं, बाबा,' मी म्हटलं. 'मला वाटलं, ते साहेब आहेत.'

बाबा माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावरचं ते हळूहळू गेलं. ते जाताना मला दिसलं. त्यांनी चष्मा काढला, बनियनच्या कडेला पुसला, पुन्हा लावला. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला.

'वाच आता,' ते म्हणाले.

मी घसा साफ केला.

'साहेबांच्या आवाजात नको.'

मी तिसरी चौकट वाचली. 'तुझी हळद चालू दे, मी होल्डवर आहे.' आवाज काढावा लागला नाही.