राजासॉरसच्या दाढा

नवा डायनोसॉर हातात आला की मी सगळ्यात आधी त्याचे तळवे बघते. दोन पायांवर चालणाऱ्या शिकारी डायनोसॉरचे तळवे एकमेकांकडे वळलेले हवेत, आरतीला टाळ्या वाजवताना आपले असतात तसे. खेळणी बनवणाऱ्या कंपन्यांना हे काही केल्या कळत नाही. त्या तळवे खुशाल जमिनीकडे करून ठेवतात. असला प्राणी दिसला की माझं डोकं फिरतं. "ह्याला परातीपुढे बसवा, भाकऱ्या थापतोय," असं म्हणून मी तो बाजूला सरकवते, मग तो कितीही महागाचा असो.

मी नगरमध्ये ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. मुलं मला घाबरतात आणि घाबरावीत अशीच माझी इच्छा असते. पण रविवारी सकाळी सावेडीतल्या आमच्या घरी जी बैठक भरते, तिथे मीच सहावीतली होते. आम्ही तिघं जण डायनोसॉर जमवतो. दुसरे आहेत ते कोर्टातले स्टेनो, मूळचे जामखेडचे, अंगानं काटकुळे, आणि बोलायचं झालं तर आधी "पुरावा काय?" असं विचारणारे. अमुक प्राण्याच्या पाठीवर काटे दाखवलेत ना, मग तसे काटे सापडलेत का, कुठल्या दगडात, हे सांगा आणि पुढे चला. तिसरे फौजी. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये रणगाडे दुरुस्त करून निवृत्त झालेले, राहायला भिंगारला. चर्चमधली उपासना आटोपली की इस्त्रीच्या कपड्यांतच ते थेट आमच्याकडे येतात. त्यांचं काम एकच, प्राणी उभा राहतो का ते बघणं. टेबलावर काच, काचेवर प्राणी आणि समोर टेबलफॅन पूर्ण जोरात. "जो खडा नहीं रहता वो जानवर नहीं, दरवाजा अडवायचा दगड आहे," असा त्यांचा निकाल.

आमचा एक नियम आहे. प्राण्याच्या पोटावर कंपनीचं नाव कोरलेलं असतं, त्यावर दवाखान्यातली चिकटपट्टी लावायची. तो कोणी मागवला, कितीला पडला, हे निकाल लागेपर्यंत कोणी कोणाला विचारायचं नाही. हा नियम स्टेनोंनी आणला. एकदा एका नावाजलेल्या परदेशी कंपनीचा प्राणी आला होता आणि आम्ही तिघांनी त्याची तोंड फाटेपर्यंत स्तुती केली. पुढे कधीतरी धूळ पुसताना मला दिसलं की त्याच्या एका पायाला चक्क एक बोट जास्त आहे. स्टेनो इतके ओशाळले की त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. "नाव बघून निकाल दिला आपण," एवढंच म्हणत बसले.

मग चिकटपट्टी लावणार कोण? तिघांपैकी कोणी लावली तर त्याला नाव कळणार. म्हणून सगळी पार्सलं आमच्या ह्यांच्या पत्त्यावर येऊ लागली. दिल्लीगेटला ह्यांची दातांची लॅब आहे. डॉक्टर लोक तोंडाचे साचे पाठवतात आणि हे त्यावरून कवळ्या बनवतात. नगरमधली निम्मी म्हातारी माणसं ह्यांच्या दातांनी जेवतात, असं ते स्वतःच सांगतात. तर पार्सल हे फोडणार, पट्टी हे लावणार, आणि रविवारी ताटात ठेवून वर नॅपकिन झाकून हेच आणणार. मग चहा करायला आत जाणार.

बसणार मात्र नाहीत. टेबलाला चार खुर्च्या, त्यातली चौथी कायम रिकामी. कारण गेली कित्येक वर्षं ह्यांनी आमची यथेच्छ टिंगल केलेली. हे मूळचे सोनईचे, शहरात इतकी वर्षं राहून भाषा तसूभर हललेली नाही. सोनईला कुठलंही लग्न असो, मांडवात पाव्हणे जमले की ह्यांचं सुरू, "आमच्या घरात लई मोठी मान्सं येत्यात. पालींच्या शेपट्या मोजत्यात." सगळा मांडव हसायचा. हसणाऱ्यांत मीही असायचे, कारण ते सांगतात झकास.

ह्यापुढचं मला नंतर कळलं, पण मी तुम्हाला आधीच सांगून टाकते. लपवाछपवी मला जमत नाही.

पट्ट्या लावता लावता ह्यांचं लक्ष प्राण्यांच्या तोंडात जायला लागलं. जाणारच. आमच्याकडे कोणी पाहुणा आला तरी हे आधी त्याचे दात बघतात. आणि खेळण्यांचे दात म्हणजे पांढऱ्या रंगाचा नुसता फराटा! ह्यांना ते सहन होईना. त्यातच मी घरात सारखी कुरकुरत असायचे की आपल्या नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेला राजासॉरस कोणी धड बनवत नाही. हंड्याएवढं डोकं, कपाळावर छोटं शिंग आणि अगदी खुंटासारखे इवले हात, एवढं साधं काम. पण आमच्याकडे आलेल्या एकाला लांबलचक हात होते आणि एकाला तर चक्क तिरंगी पट्टे. तेव्हा ह्यांनी लॅबमध्ये, कवळ्यांची कामं उरकल्यावर, मेणाचा राजासॉरस घडवायला घेतला. माझी पुस्तकं एकेक करून गायब व्हायची आणि परत यायची, त्यांच्या पानांवर गुलाबी डाग असायचे. मला वाटायचं, मोलकरणीचं काही सांडलं असेल. मेणावरून साचा, साच्यातून कवळीच्याच मसाल्याचा प्राणी, मग घासणं, रंगवणं.

ठरवलं होतं ते असं. प्राणी आणखी एक पार्सल म्हणून गुपचूप ताटात ठेवायचा. तिघांनी न ओळखता त्याला पास केलं, तर चौथी खुर्ची ओढून बसायचं. नाही केलं, तर प्राणी सोनईला पुतण्याच्या पोरांना चिखलात खेळायला द्यायचा आणि जन्मभर चहा करायचा. इतकी वर्षं मांडवामांडवात खिल्ली उडवल्यावर 'मलाही घ्या' असं सरळ म्हणायला तोंड कुठून आणणार? तो प्राणीच त्यांच्यासाठी बोलणार होता.

त्या रविवारी ताटावरचा नॅपकिन उचलला. खाली दोन प्राणी होते, पण आम्ही तिघंही एकावरच वाकलो.

काळपट करडा रंग, त्यावर वाळलेल्या ज्वारीच्या पानासारखे फिके पट्टे. मान जाड, शेपूट जमिनीपासून छान उचललेली. कपाळावर शिंग होतं, पण नको तेवढं नाही. ज्याला त्याला वाटलं की दुसऱ्यानं कुठूनतरी मोठा हात मारलाय. आम्ही संशयानं एकमेकांकडे बघायला लागलो.

फौजींनी फॅन लावला. नॅपकिन उडाला, स्टेनोंचे केस उडाले, प्राणी जागचा हलला नाही. फौजींनी टेबलाला गुडघ्यानं धक्का दिला, तरी नाही. मग त्यांनी फॅन बंद केला आणि प्राण्याला कडक सॅल्यूट ठोकला. इतक्या वर्षांत त्यांनी असं पहिल्यांदाच केलं.

स्टेनोंनी शिंग पाहिलं, हात पाहिले, पिशवीतून संग्रहालयात जुळवलेल्या कवटीचा फोटो काढून शेजारी धरला. मग म्हणाले, "पुरावा आहे. सगळ्याला पुरावा आहे." आणि चष्मा पुसायला लागले.

आता मी. भिंग घेतलं. पायाची बोटं बरोबर, नख्या बरोबर. खांद्यावरचे खवले एकसारखे छापलेले नव्हते, हातानं एकेक उठवलेले होते. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीवरून उठूनच उभी राहिले. आपल्या मातीतला प्राणी आणि कोणीतरी तो खरोखर बघून, विचार करून बनवला होता! "अहो, या बघायला!" असं मी आत ओरडलेसुद्धा. हे चहाचा ट्रे घेऊन दारात आले आणि तिथेच थांबले. मला वाटलं ट्रे जड झाला असेल.

मग मी भिंग तोंडाकडे नेलं.

पुढचे दात वाकडे, टोकदार, उत्तम. मी जबडा थोडा वर करून आतवर पाहिलं. पुन्हा पाहिलं. आणि मला असं हसू फुटलं की भिंग हातातून पडलं.

"ह्याला दाढा आहेत!"

"काय?" स्टेनो म्हणाले.

"दाढा! वर दोन्हीकडे, खाली दोन्हीकडे! आणि चावा बघा कसा जुळलाय! हा मेला मांस खात होता की ऊस?"

फौजी टेबलावर डोकं टेकून हसायला लागले. मांस फाडून गिळणाऱ्या त्या भयंकर जनावराच्या तोंडात, मागच्या बाजूला, छानपैकी चपट्या, खाचाखाचांच्या दाढा. खालची दाढ वरच्या दाढेत अलगद बसत होती. आणि त्यांच्या मुळाशी गुलाबी हिरड्या. तो गुलाबी रंग मी पाहिलेला होता. माझ्या आईच्या उशाशी वाटीत जी कवळी असते, तिच्या हिरड्यांचा तो रंग.

माझं हसू थांबलं. मी प्राणी उलटा केला आणि नियम मोडून पट्टी सोलली. खाली काहीच कोरलेलं नव्हतं.

मी दाराकडे पाहिलं. ह्यांचं तोंड परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखं झालं होतं. पुस्तकांवरचे डाग, लॅबमधून होणारा उशीर, सगळं एका क्षणात जुळलं. एवढं मोठं काम ह्या माणसानं माझ्यासाठी केलं होतं. "उत्तम आहे, पास," एवढं म्हणायला मला काय जात होतं? पण निकाल खोटा दिला असता तर ह्यांना तो कळला असता. खोटं हसू ते दातांवरून ओळखतात.

"माझा निकाल," मी म्हणाले. "आपल्या कपाटात ह्याच्या तोडीचा एकही प्राणी नाही. एकही नाही. पण दाढा चूक. दाढा काढायला हव्यात."

पास म्हणावं की नापास, हे माझं मलाच ठरेना. मी बोलणार तेवढ्यात दारातून आवाज आला.

"काढायला कशापायी?" हे तणतणत पुढे आले. "मागं दाढा न्हाईत तर त्यो चावनार कसा?"

"चावत नाही तो. फाडतो आणि गिळतो."

"न चावता? येवढं मटन?" ह्यांनी ट्रे टेबलावर आदळला, खुर्ची ओढली आणि बसले. "आगं, एक दाढ न्हाई बसली तर मान्सं लॅबमदी येऊन रडत्यात. आन् ह्ये येवढं धूड बिनदाढेचं? पुरावा काय?"

स्टेनोंचे डोळे चमकले. 'पुरावा काय' हे शब्द आपल्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी कवटीचा फोटो ह्यांच्यापुढे सरकवला. "हा बघा. मागपर्यंत सुळेच सुळे." ह्यांनी फोटो डोळ्याजवळ नेला, दूर धरला, बोटानं दात मोजले. "आयला," ते शेवटी म्हणाले, "हात सवयीनं वळला की माझा. जबडा म्हटला की मागं दाढा बसवायच्याच. तोंड मोकळं ठिवायला मन हुईना." आणि मग तेही हसायला लागले.

फौजींना एवढ्या वेळानं कुठे उमगलं, हा प्राणी कोणाचा ते. ते उभे राहिले आणि ह्यांना त्याच सॅल्यूटनं मानवंदना दिली. ह्यांनी उठून नमस्कार केला आणि लगेच परत बसले, जागा जाईल की काय अशा घाईनं. चौथ्या खुर्चीवर आपण बसलोय हे त्यांच्याही तेव्हाच ध्यानात आलं असावं, कारण कान लाल झाले होते.

त्यांनी पुढे बिनदाढेचा दुसरा केला, तो स्टेनोंकडे आहे. दाढांचा मी कोणाला देणार नाही. तो कपाटात मधोमध असतो, तोंड उघडून. कॉलेजातून चिडून घरी आले की मी आधी त्याच्या दाढा बघते आणि माझा राग उतरतो.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. ताटातला दुसरा, खरोखर पार्सलनं आलेला प्राणी अजून बाकी होता, आणि ट्रेमधला चहा पार गार झाला होता. तिघं जण नव्या प्राण्यावर वाकले होते, उठायचं कोणाच्या मनात नव्हतं. मग मीच ट्रे उचलला आणि आत जाऊन आधण ठेवलं. साखर टाकत होते तेवढ्यात बाहेरून ह्यांचा आवाज आला, अगदी माझ्याच सुरात, माझ्याच ठसक्यात.

"न्हाई न्हाई, ह्ये न्हाई चालनार. तळवे बघा की त्याचे. भाकऱ्या थापतोय त्यो!"